पटावरील माणसें

आपल्या भाषेंत ‘पट’ या शब्दाचे जे अनेक अर्थ आहेत त्यांपैकीं दोन रोजच्या व्यवहारांतले आहेत. शाळेच्या पटावर मुलांचीं नांवें असतात, आणि बुद्धिबळाच्या पटावर मोहरीं असतात. पहिल्या पटावर जिवंत माणसाची नोंद होते. दुसऱ्यावर माणसाच्या ऐवजीं लांकडाचा तुकडा मांडून त्याच्या चाली पाहावयाच्या असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकीय समाजशास्त्र या नांवाची जी नवी विद्या पाश्चात्य विद्यापीठांत उदयास आली आहे, तिचा बहुतेक व्यवहार या दोन पटांवर चालतो. एकीकडे कोट्यवधि माणसांच्या बारीकसारीक कृतींच्या नोंदी गोळा करून त्यांतून समाजाच्या वागणुकीचे नियम शोधावयाचे, आणि दुसरीकडे संगणकांत कृत्रिम माणसांचा एक लहानसा समाज मांडून तो कसा वागतो तें पाहावयाचें, हे तिचे दोन मुख्य मार्ग होत.

या विद्येचें आजचें नांव सर्वतोमुखीं झालें तें २००९ सालापासून. त्या वर्षीं फेब्रुवारींत ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकांत डेव्हिड लेझर प्रभृति १५ विद्वानांच्या सह्यांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. टपाल, दूरध्वनि, बाजारहाट, प्रवास, संगणकावर केलेली विचारपूस या सर्वांतून आजचा माणूस आपल्यामागें नोंदींचा माग ठेवीत जातो. विपुल माहितीनें जीवशास्त्राचें व पदार्थविज्ञानाचें स्वरूप जसें पालटलें तसें आतां समाजशास्त्राचेंही पालटेल, असा त्यांचा आशय होता. मात्र ही माहिती खाजगी कंपन्यांच्या व सरकारी खात्यांच्या कुलुपांत आहे, ही चिंताही त्यांनीं त्याच लेखांत बोलून दाखविली होती.

या विद्येची हकीकत सांगणारे बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाची हकीकत सांगतात. आम्हांस तिच्याकडे निराळ्या बाजूनें पाहावेंसें वाटतें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास आरंभ केला, तेव्हांपासून जुना कागद हातीं आल्यावर त्याला कोणते प्रश्न विचारावयाचे हें महाराष्ट्रांतील वाचकांस ठाऊक झालें आहे. कागद कोणी लिहिला, कोणासाठीं लिहिला, लिहितांना काय गाळलें? पेशव्यांच्या दप्तरांतील जमाखर्चाचा कारकून आपला हिशेब धन्यासाठीं लिहीत होता. पुढें दीडदोनशें वर्षांनीं कोणी संशोधक तो वाचील हें त्याच्या स्वप्नींही नव्हतें. संगणकानें आपोआप टिपलेल्या नोंदीची गोष्ट याहून फारशी वेगळी नाहीं. म्हणून तेच प्रश्न घेऊन या विद्येच्या पूर्वजांकडे गेलें असतां कांहीं गोष्टी अधिक स्पष्ट दिसूं लागतात.

तिचा आद्य पुरुष एक दुकानदार होता. जॉन ग्रॉन्ट हा सतराव्या शतकांत लंडन शहरांत बटणें, फिती वगैरे किरकोळ मालाचा व्यापार करी. त्या काळीं लंडनमध्यें दर आठवड्यास मृत्यूंचे तक्ते छापून विकले जात. शहराच्या प्रत्येक चर्चच्या विभागांत किती बाप्तिस्मे झाले, किती प्रेतें पुरलीं व मृत्यूचीं कारणें काय, हें त्यांत दिलेलें असे. प्लेग वाढूं लागला म्हणजे वेळींच शहर सोडतां यावें म्हणून श्रीमंत लोक हे तक्ते घेत. इतर लोक शेवटची बेरीज पाहून, एखादा विचित्र मृत्यु आढळल्यास तेवढा गप्पांत सांगण्यापुरता लक्षांत ठेवून, कागद टाकून देत. ग्रॉन्टनें अनेक दशकांचे असे तक्ते जमवून ते एकाखालीं एक मांडले आणि १६६२ सालीं आपलीं निरीक्षणें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं.

त्याच्या पुस्तकांत काय नव्हतें! मुलींपेक्षां मुलगे किंचित् अधिक जन्मतात, लंडनमध्यें १३ स तेरा नव्हे तर १३ स १४ असें हें प्रमाण पडतें, हें त्यानें दाखविलें. शंभर जन्मलेल्यांपैकीं ३६ मुलें सहा वर्षांचीं होण्यापूर्वींच मरतात असा अंदाज त्यानें मांडला. लंडनच्या लोकसंख्येविषयीं जाणते म्हणविणारे लोक दहा लाखांच्या खालीं बोलत नसत. ग्रॉन्टनें ती केवळ त्रैराशिकाच्या बळावर ठरविली. वर्षास सुमारें १२,००० मुलें जन्मतात. बाई साधारण दोन वर्षांनीं एकदां बाळंत होते, तेव्हां मुलें होण्याच्या वयाच्या बायका २४,०००. अशा बायकांच्या दुप्पट कुटुंबें धरलीं तर तीं ४८,०००. आणि नवराबायको, तीन मुलें व तीन नोकर किंवा बिऱ्हाडकरू मिळून दर कुटुंबांत आठ माणसें. गुणाकार होतो ३,८४,०००. या गणितांतील प्रत्येक पायरीबद्दल आज शंका काढतां येईल. परंतु नुसत्या ऐकीव गप्पांच्या जागीं तपासतां येईल असा हिशेब त्यानें ठेवला, आणि राजा दुसरा चार्ल्स याच्या शिफारशीनें या दुकानदारास रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें.

आमच्या मतें मात्र ग्रॉन्टचा खरा मोठेपणा दुसऱ्याच एका परिच्छेदांत आहे. तक्त्यांत उपदंशानें मेलेल्यांची संख्या फारच थोडी दिसते, याचें त्याला आश्चर्य वाटलें. मग त्यानें ही कारणें लिहितो कोण याचा शोध घेतला. मेलेल्या माणसाच्या घरीं जाऊन प्रेत पाहण्याचें व मृत्यूचें कारण सांगण्याचें काम गरीब वृद्ध स्त्रियांकडे सोंपविलेलें असे. घरच्या लोकांनीं त्यांना थोडें मद्य पाजलें व दोन नाणीं अधिक हातावर ठेवलीं कीं उपदंशाचा क्षय होई. ज्यांचे कोणीच नव्हते व ज्यांचे प्राण अगदीं हीन स्थितींत गेले त्यांच्याच नांवापुढें खरा रोग लिहिला जाई. म्हणजे त्या रकान्यांतील आंकडा रोगापेक्षां घरच्या ऐपतीचेंच माप अधिक सांगत होता. एवढी गोष्ट ओळखून ग्रॉन्टनें तक्ता फेंकून दिला नाहीं. कोणत्या रकान्यावर किती विश्वास ठेवावयाचा तें ठरवून तो पुढें गेला.

बेल्जियमचा ज्योतिषी अडॉल्फ केतले याला ही दृष्टि होती, परंतु आकड्यांच्या मोहानें तो पुढें बराच वाहवत गेला. आकाशस्थ गोलांप्रमाणें समाजालाही नियम आहेत, वर्षानुवर्षें खुनांची व आत्महत्यांची संख्या जवळजवळ तीच राहते, यावरून १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ‘सरासरीचा माणूस’ कल्पिला आणि त्यालाच आदर्श ठरविला. त्याची एक करामत मात्र सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें १५७ सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या तरुणास लष्करांत घेत नसत. एक लक्ष तरुणांच्या मापांचा तक्ता केतलेनें तपासला, तों या रेघेच्या किंचित् खालीं अपेक्षेहून फार अधिक व किंचित् वर फार थोडे तरुण आढळले. सुमारें २००० तरुणांनीं लष्कर चुकविण्यासाठीं आपली उंची चोरली असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यानें काढला. गुडघे किती वांकविले म्हणजे मोजणाऱ्याच्या लक्षांत येत नाहीं, हें ज्ञान त्या वेळीं खेडोपाडीं पसरलें असावें.

येथवर सारी मोजणी हातानें व लेखणीनें चालली होती. अमेरिकेंत १८८० च्या खानेसुमारीचे तक्ते पुरे व्हावयास पुढच्या दशकाची चाहूल लागली, तेव्हां हर्मन हॉलरिथ नांवाच्या इंजिनियरानें छिद्रें पाडलेल्या पत्त्यांची युक्ति काढली. दर माणसागणिक एक पत्ता. वय, जन्मस्थान, वंश, धंदा यांना ठरलेल्या जागीं एकेक छिद्र. पत्ता यंत्राखालीं दाबला कीं जेथें छिद्र असेल तेथून सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यांत बुडे, विजेचा प्रवाह पुरा होई व तबकडीवरील कांटा एक घर पुढें सरके. १८९० च्या खानेसुमारींत या यंत्रांनीं सुमारें ६ कोटी २६ लक्ष माणसांची पहिली गोळाबेरीज थोड्याच आठवड्यांत करून दिली. हॉलरिथची कंपनी पुढें इतर कंपन्यांत मिळून १९२४ पासून आय. बी. एम. या नांवानें जगप्रसिद्ध झाली. पत्त्यावर जितकीं छिद्रें तितकाच माणूस यंत्राला दिसे, आणि त्यांत एक छिद्र वंशाचें होतें.

त्या छिद्राचा काय उपयोग होऊं शकतो तें अर्ध्या शतकानंतर दिसून आलें. १९४० च्या खानेसुमारीच्या वेळीं, येथें सांगितलेली कोणतीही माहिती कोणाही व्यक्तीच्या विरुद्ध वापरली जाणार नाहीं, असें आश्वासन अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं जाहीरनाम्यानें दिलें होतें. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. दोन दिवसांत देशांतील जपानी वंशाच्या रहिवाशांचा तक्ता खानेसुमारी-खात्यानें बाहेर काढला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्याच अध्यक्षांनीं आज्ञापत्र काढलें आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या माणसांस घरेंदारें सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावें लागलें. एकंदर सुमारें १,२०,००० माणसें अशीं स्थानबद्ध झालीं व त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश जन्मानें अमेरिकन नागरिक होतीं. कोणत्या शहराच्या कोणत्या भागांत किती जपानी राहतात याचे तक्ते लष्करास या खात्यानेंच पुरविले. मार्च १९४२ च्या कायद्यानें गुप्ततेचें बंधनही उठविण्यांत आलें. १९४३ सालीं कांहीं व्यक्तींचीं नांवें व पत्तेसुद्धां दुसऱ्या सरकारी खात्यास दिले गेले, हें पुढें २००७ सालीं संशोधकांनीं कागदपत्रांवरून सिद्ध केलें.

त्याच सुमारास हॉलंडमध्यें नोंदणीच्या नेटकेपणाचें याहून भयंकर फळ लोक भोगीत होते. तेथील नगरपालिकांनीं नागरिकांच्या सोयीसाठीं ठेवलेल्या नोंदवह्या जर्मनांच्या हातीं पडल्या व ज्यू कुटुंबें हुडकण्याचें काम सोपें झालें. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं चित्रकार विलेम अरोंडेउस व त्याच्या साथीदारांनीं पोलिसांच्या वेषांत शिरून ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी-कचेरीस आग लावली. कागद घट्ट बांधलेले असल्यानें बरेचसे वांचले. १ जुलै रोजीं त्यांच्यापैकीं बारा जणांस गोळ्या घालण्यांत आल्या. लोकांच्या नोंदी जाळणें हें देशसेवेचें कृत्य ठरावें असाही एक प्रसंग इतिहासांत येऊन गेला, हें माहितीच्या भांडारांचे गोडवे गाणाऱ्यांनीं विसरूं नये.

आतां दुसऱ्या पटाकडे वळूं. त्याचा एक आद्य कर्ता याच अमेरिकन छावण्यांतून बाहेर पडला आहे.

जेम्स मिनोरू साकोडा यांचा जन्म १९१६ सालीं कॅलिफोर्नियांत जपानी आईबापांच्या पोटीं झाला. तारुण्यांतील कांहीं वर्षें जपानांत काढून ते परत आले व बर्कली येथें मानसशास्त्र शिकूं लागले. १९४२ सालीं इतरांबरोबर तेही छावणींत गेले. आधीं कॅलिफोर्नियांतील ट्यूल लेक, मग आयडाहो प्रांतांतील मिनिडोका. बर्कली विद्यापीठांतील डोरोथी स्वेन टॉमस या विदुषीनें त्या वेळीं स्थानबद्धांच्या जीवनाचा अभ्यास हातीं घेतला होता. त्यासाठीं छावणींत राहूनच टिपणें करण्याचें काम ज्या तरुणांनीं पत्करलें त्यांत साकोडा होते. हें काम निर्धोक नव्हतें. सरकारचा हेर असल्याचा ज्याच्यावर संशय येई त्याला छावणींत ‘इनू’, म्हणजे कुत्रा, म्हणत, आणि टिपणें करीत हिंडणाऱ्यावर तसा संशय येणें स्वाभाविकच होतें.

या छावण्यांत १९४३ च्या आरंभीं सरकारनें एक प्रश्नपत्रिका फिरविली. तिच्या २७ व्या प्रश्नांत लष्करांत जाण्याची तयारी व २८ व्या प्रश्नांत अमेरिकेविषयींची एकनिष्ठा विचारलेली होती. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’. कोणी संतापानें ‘नाहीं’ लिहिलें. कोणी कुटुंबाची ताटातूट होईल या भीतीनें लिहिलें. आणि ज्या वृद्धांस अमेरिकेचें नागरिकत्व कायद्यानेंच नाकारलेलें होतें, त्यांना जपानच्या बादशहाची निष्ठा सोडा म्हणणें म्हणजे कोणत्याच देशाचे राहूं नका असें म्हणणें होतें. सरकारनें ‘नाहीं’ची एकच रास केली व ती माणसें ट्यूल लेक येथें निराळीं काढलीं. घराघरांत व मित्रामित्रांत पडत गेलेल्या या फळ्या साकोडा समक्ष पाहत होते.

१९४९ सालीं त्यांनीं बर्कली येथें डॉक्टरेटसाठीं जो प्रबंध सादर केला, त्यांत मिनिडोका छावणींतील बदलत्या सामाजिक संबंधांचें विवेचन आहे, आणि त्याच्याच जोडीला एक विलक्षण खेळ आहे. बुद्धिबळाच्या पटासारखा ६४ घरांचा पट. दोन रंगांचीं सहासहा मोहरीं. प्रत्येक गटाची आपल्यांविषयीं व दुसऱ्यांविषयीं एक ठरीव वृत्ति: ओढ, उदासीनता किंवा तिटकारा. आपली पाळी आली कीं मोहरें आजूबाजूचीं घरें पाहतें व जेथें ओढ अधिक आणि तिटकारा कमी अशा घरांत सरकतें. जवळच्यांचा प्रभाव जास्त, लांबच्यांचा थोडा. पुढें ब्राउन विद्यापीठांत प्राध्यापक असतांना साकोडा यांनीं हाच खेळ संगणकावर चालविला व १९७१ सालीं निबंधरूपानें प्रसिद्ध केला. त्यांतील एक निष्कर्ष मनाला चटका लावणारा आहे. आपल्यांविषयीं प्रेम व परक्यांविषयीं द्वेष असलेले गट वेगवेगळे होतात यांत नवल नाहीं. परंतु ज्या गटाला आपल्यांविषयींही ओढ नाहीं, केवळ दुसऱ्याचा संशय आहे, तोही अखेर एका कोपऱ्यांत गोळा होतो. दुरून पाहणाऱ्याला ती एकी वाटते.

त्याच वर्षीं, त्याच नियतकालिकाच्या त्याच पहिल्या खंडांत, अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांचा अशाच पटाचा एक निबंध आला. साकोडांच्या कामाची त्यांना वार्ता नव्हती. अमेरिकन शहरांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्या इतक्या अलग कां, हा शेलिंग यांचा प्रश्न. आणि त्यांनीं संगणकाला हात न लावतां, पटावर दोन प्रकारचीं नाणीं मांडून, आपल्या मुलाला सोबत घेऊन त्याचा शोध केला. वाचकांनीं हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. बुद्धिबळाच्या पटावर एक रुपयाचीं वीस व पांच रुपयांचीं वीस नाणीं कशींही विखरून ठेवावीं. नियम एवढाच, कीं प्रत्येक नाण्याला आपल्या लगतच्या नाण्यांपैकीं निदान निम्मीं आपल्या जातीचीं हवींत. नसलीं तर त्यानें तशा जवळच्या रिकाम्या घरांत जावें. निम्मे शेजारी परके असले तरी याला चालतें, म्हणजे हें नाणें चांगलें सहिष्णु म्हटलें पाहिजे. तरीही अर्ध्या तासांत पटावर दोन ठळक वस्त्या उभ्या राहतात. निम्म्याच्या जागीं एक-तृतीयांशाची अट ठेवली तरी मूळचें मिश्रण बरेंच मोडतें. एक नाणें हललें कीं मागच्या शेजाऱ्याचें प्रमाण बिघडतें, मग तोही हलतो, आणि कोणाच्याही मनांत नसलेली गोष्ट सर्वांच्या हातून घडते.

संगणकीय समाजशास्त्रांत शिकविल्या जाणाऱ्या उदाहरणांत हें बहुधा पहिलें असतें, आणि तें योग्यच आहे. समाजाचें दिसणारें रूप पाहून व्यक्तींच्या हेतूंविषयीं निर्णय देण्याची जी आपणां सर्वांस खोड असते, तिला या चाळीस नाण्यांनीं चांगला पायबंद बसतो. पण उलट खोडही तितकीच घातक आहे. पटावर वस्त्या आपोआप अलग झाल्या म्हणून शहरांतल्याही तशाच झाल्या, असें मात्र यावरून निघत नाहीं. अमेरिकेंत काळ्यांस घर विकूं नये असे करार होते. त्यांच्या मोहल्ल्यांना कर्ज देणें धोक्याचें म्हणून नकाशांवर तांबड्या रंगाच्या खुणा होत्या. आणि खुद्द साकोडांना मिनिडोकास पोंचविलें तें शेजाऱ्यांच्या सौम्य आवडीनिवडींनीं नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या सहीनें. काय घडूं शकतें तें पट दाखवितो. काय घडलें त्यासाठीं पुनः नोंदीकडेच यावें लागतें.

नोंदींच्या बाबतींत विपुलतेचा भ्रम हा जुना रोग आहे. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या आधीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें एक कोटी मतपत्रिका वांटल्या. सुमारें २४ लक्ष परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट हरणार व लॅन्डन जिंकणार असें त्यानें छापलें. लॅन्डन यांस ४८ पैकीं दोन राज्यें मिळालीं. पत्ते काढले होते मुख्यतः टेलिफोनच्या याद्यांतून व मोटारधारकांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या दिवसांतही ज्यांचें बरें चाललें होतें अशांचे. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी रूझवेल्ट यांच्या विरोधकांनीं अधिक घेतली. जॉर्ज गॅलप यांनीं सुमारें ५०,००० लोकांस विचारून बरोबर उत्तर काढलें होतें. साप्ताहिक १९३८ सालीं बंद पडलें.

ही शिकवण सर्वांत पद्धतशीरपणें जेथें अंगीकारली गेली त्या देशांत आपला देश अग्रगण्य आहे, हें अभिमानानें सांगावयास हरकत नाहीं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं कलकत्त्यास १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था काढली व १९३७ पासून बंगालच्या तागाच्या पिकाची नमुना-पाहणी चालविली. एकाच प्रदेशाची दोन स्वतंत्र तुकड्यांकडून निरनिराळी मोजणी करवून घ्यावयाची व दोहोंच्या आंकड्यांतील तफावतीवरून मोजणाऱ्यांच्या चुकीचा अंदाज बांधावयाचा, ही त्यांची युक्ति ग्रॉन्टला फार आवडली असती. १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या मुळाशीं हाच अनुभव होता.

यांतील एका वादाचा संबंध आपल्या प्रांताशीं येतो. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आल्यावर पिकांच्या उताऱ्याच्या पाहणीकडे वळले. तोंवर उताऱ्याचा अंदाज गांवच्या अंमलदाराच्या आणेवारीवर अवलंबून असे. त्याऐवजीं शेतांत यदृच्छेनें निवडलेला तुकडा कापून धान्य तोलावें, याविषयीं महालनोबिस व सुखात्मे यांचें एकमत होतें. मतभेद होता तो तुकडा केवढा असावा याबद्दल. महालनोबिस लहान तुकडा पुरे म्हणत. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ पत्रांत दाखवून दिलें कीं तुकडा जितका लहान तितकें पीक जास्त भरतें. जमीन तीच असतांना असें कां व्हावें? तुकडा लहान झाला कीं क्षेत्राच्या मानानें त्याची कड वाढते, आणि कडेवरचें ताट आंत धरावें कीं बाहेर असा संशय आला म्हणजे विळा बहुधा तें आंत घेतो. दुष्काळाच्या काळांत फुगलेल्या उताऱ्याचा अर्थ काय होतो हें १९४३ नंतरच्या हिंदुस्थानांत कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. दोघेही थोर संख्याशास्त्रज्ञ, पण वादाचा निकाल लागावयाचा होता तो विळा धरणाऱ्या हातापाशीं.

आजच्या यंत्रांत असा हात उरलेला नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती किती पोकळ आहे याचा पुरावा म्हणून गूगल कंपनीच्या तापाची हकीकत सांगतां येईल. इन्फ्लुएन्झाची साथ आली कीं लोक वैद्याकडे जाण्यापूर्वीं संगणकाला लक्षणें विचारतात. तेव्हां या विचारण्यांवरूनच साथीचा अंदाज बांधावा, अशी योजना गूगलनें नोव्हेंबर २००८ मध्यें जाहीर केली. पांच कोटी शोधशब्द जुन्या साथींच्या आंकड्यांशीं ताडून त्यांतून ४५ निवडले. सरकारी खात्याचे आंकडे यावयास दोन आठवडे लागत. हा अंदाज एका दिवसांत तयार. जगभर कौतुक झालें. परंतु २००९ च्या वसंतांतील नव्या साथीचा जोर त्याला कळलाच नाहीं, कारण ती साथ हिंवाळ्याची नव्हती. शाळांचे बास्केटबॉलचे सामनेही हिंवाळ्यांतच होतात. त्यांच्या शोधाचे आंकडे साथीशीं उत्तम जुळत होते व ते हातानें वगळावे लागले होते, ही गोष्ट तेव्हां थोड्यांनाच सूचक वाटली. २०१२–१३ च्या हिंवाळ्यांत अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीवर गेला. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकीं १०० आठवडे तो जादाच होता, असें २०१४ सालीं ज्यांनीं ‘सायन्स’मध्यें दाखविलें त्यांत अग्रभागीं डेव्हिड लेझर होते, पांच वर्षांपूर्वींच्या त्या आशावादी लेखाचेच पहिले कर्ते. वर्तमानपत्रांत साथीची बातमी आली कीं धडधाकट माणसेंही लक्षणें विचारूं लागतात. शिवाय विचारणाऱ्यास पुढचे शब्द गूगलचें यंत्र स्वतःच सुचवीत होतें, आणि त्या सुचविण्याच्या पद्धति कंपनी आपल्या धंद्याच्या सोयीनें बदलीत होती. २०१५ सालीं ही सेवा लोकांसाठीं बंद झाली.

या विद्येनें सर्वच ठिकाणीं हार खाल्ली असें मात्र कोणी समजूं नये. गाणें लोकप्रिय होतें तें गुणानें कीं गर्दीनें, या जुन्या वादावर मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनीं २००६ सालीं केलेला प्रयोग मोठा मार्मिक आहे. अप्रसिद्ध वादकवृंदांचीं ४८ गाणीं त्यांनीं १४,३४१ माणसांपुढें ठेवलीं. कांहींना नुसतीं गाणीं दिलीं. बाकीच्यांची आठ निरनिराळ्या ‘जगांत’ वांटणी करून प्रत्येकाला आपल्याच जगांतील आवडनिवड दिसूं दिली. अगदीं वाईट गाणें सहसा वर चढलें नाहीं व अगदीं उत्तम गाणें सहसा बुडालें नाहीं. मधल्यांचें नशीब मात्र प्रत्येक जगांत निराळें. असा प्रयोग साऱ्या समाजावर आठ वेळां करून पाहणें पूर्वीं कोणास शक्य होतें? येथें सहभागी माणसांस आपण अभ्यासांत आहों हें ठाऊक होतें. जानेवारी २०१२ मध्यें फेसबुकनें ६,८९,००३ लोकांच्या पुढ्यांत येणारा आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर मुद्दाम कमी केला व त्यांच्या लिहिण्यांत काय फरक पडतो तें पाहिलें. त्यांतल्या कोणासही स्वतंत्रपणें विचारलें नव्हतें. परिणाम दिसला तो अत्यल्प. २०१४ सालीं निबंध छापून आल्यावर लोकक्षोभ मात्र मोठा झाला आणि त्या नियतकालिकाच्या संपादकांस आपली चिंता वेगळी प्रसिद्ध करावी लागली.

अमेरिकन सरकारनें १९८८ सालीं कायदा करून स्थानबद्धांची माफी मागितली व हयात असलेल्यांस भरपाई दिली. खानेसुमारी-खात्याचे त्या वेळचे प्रमुख केनेथ प्रुइट यांनीं खात्याच्या वर्तनाबद्दल माफी मागितली ती २००० सालीं. साकोडा तोंवर निवृत्त झालेले होते. विद्वज्जनांत त्यांचें नांव थोड्यांनाच माहीत होतें. कागदाच्या घड्या घालून आकृति करण्याच्या जपानी कलेवरील १९६९ च्या त्यांच्या पुस्तकाचे चाहते कदाचित् अधिक असतील. ते जून २००५ मध्यें वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शेलिंग यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. तें मुख्यतः त्यांच्या संघर्ष व सहकार्य या विषयावरील कामासाठीं होतें, तरी नाण्यांच्या पटाची आठवण त्या निमित्तानें जगभर निघाली. हातानें केलेला शेलिंग यांचा खेळ संगणकीय विद्येचा नमुना म्हणून गाजला आणि खरोखर संगणकावर चालविलेला साकोडांचा विस्मृतींत गेला. शेलिंग यांचा प्रश्न एकच व सर्वांच्या ओळखीचा होता. साकोडांनीं आपला पट अनेक प्रसंगांसाठीं मांडला होता, आणि ज्या प्रसंगांतून तो सुचला त्याविषयीं १९७१ च्या निबंधांत ते फारसे बोलले नव्हते. २०१७ सालीं जर्मन तत्त्वज्ञ राइनर हेगझेलमान यांनीं या दोन पटांचा इतिहास विस्तारानें लिहिला, तेव्हां १९४९ च्या त्या प्रबंधाकडे अभ्यासकांचें लक्ष वळलें. प्रबंधाच्या नांवांतील पहिला शब्द ‘मिनिडोका’ हा आहे.